लव्हाळ्याची गोल काडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. ह्यांना जाऊन सात महिने झाले — म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं, तेच आता ऐकायला नाहीत.

लव्हाळा तुम्ही नावानं ऐकला असेल, पाहिला नसेल. पाऊल रुतेल एवढ्या ओलीत तो उभा असतो. पानं म्हणावीत अशी नाहीत. बुडाशी तपकिरी आवरणं, वर नुसत्या हिरव्या काड्या, आत पांढरं मऊ भेंड. फुलांचा झुबका काडीच्या कुशीतून फुटल्यासारखा दिसतो. लांबून शेतात तण म्हणून माजणारा मोथाच वाटावा. पण मोथ्याच्या काडीला तीन कडा — बोटांत फिरवली की अडते. लव्हाळ्याची गोल, फिरतच राहते. पिंपरीच्या कॉलेजात हे मी वर्षानुवर्षं शिकवलं.

हे चाकणला एका कंपनीत फिटर होते. एका एप्रिलात पहिली शिफ्ट संपवून आले आणि जेवणाचा डबा माझ्यापुढे उघडला. आत ओल्या फडक्यात काड्या.

"बाईसाहेब, कंपनीच्या भिंतीमागं पाझर हाय. सगळं वाळलंय अन् हे हिरवंगार! काय म्हणायचं ह्याला?"

मी काडी बोटांत फिरवली. ती फिरली. आमच्या भागात ती जात मी कधी पाहिली नव्हती. कॉलेजच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातही नव्हती.

"मोथा," मी म्हणाले.

"गोल लागतंय की. मोथ्याला कडा असत्यात, तूच सांगितलं होतंस."

"पाण्यातला मोथा असाच असतो."

"असंल बाई. आपण लोखंडातला माणूस," म्हणत हसले आणि डबा घासायला गेले.

का म्हणाले मी तसं? चुकून? — नाही. इतकी वर्षं ओढे धुंडाळले मी, आणि ते ह्यांच्या डब्यातून यावं? सोसलं नाही, एवढंच.

पुढच्या रविवारी बहिणीकडे जाते असं सांगून एकटीच चाकणला गेले. भिंतीमागे, ट्रकांच्या रांगेपलीकडे, ह्यांनी सांगितलं होतं तिथंच तो होता. मुळासकट एक जुडी काढली. दाबली, वाळवली, जाड कागदावर टाके घालून बसवली. खाली चिठ्ठी लावली, तीवर लव्हाळा असं लिहिलं, ठिकाण लिहिलं आणि संग्राहक म्हणून — माझं नाव.

कॉलेजच्या प्रदर्शनाला हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या कागदापुढे थांबले. ठिकाण वाचलं, माझं नाव वाचलं. मग अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरवत राहिले — हातात काडी असल्यासारखा.

"अक्षर छान आलंय," म्हणाले.

विषय पुन्हा कधी काढला नाही. मात्र त्यानंतर डब्यातून माझ्यासाठी कधी काही आणलंही नाही.

त्या पाझरावर आता शेड उभी आहे. तिथला लव्हाळा उरला तो कागदावरच.

आमच्या संग्रहाचा एक नियम आहे. चिठ्ठी चुकीची निघाली तरी ती काढायची नाही; शेजारी दुरुस्तीची दुसरी चिकटवायची आणि खाली सही करायची. परवा जाऊन मी ती चिकटवली. संग्राहक — ह्यांचं पूर्ण नाव, माझ्या अक्षरात.

पहिली चिठ्ठी आहे तिथंच आहे. दोन्ही नीट वाचता येतात.