तिरक्या बैठकीची दुर्बीण

बाबांनी बंदूक माळ्यावर टाकली, त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. बंदूक म्हणजे काय, छऱ्याची, वांदर हाकायची. केळशीला आमच्या आंब्याच्या बागेत पार टोकाच्या फणसाला तेलाचा रिकामा डबा टांगलेला असतो. बाबा बागेतल्या खोपीतून त्या डब्यावर छरा मारायचे. टण्ण वाजलं की वांदरांचा कळप धूम ठोकायचा. मुक्या जिवावर छरा मारायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबांना लांबचं लख्ख दिसायला लागलं, पण नळीच्या टोकाची माशी, जिच्यावरून नेम धरायचा, तीच धूसर झाली. तरी हट्टाने मारला छरा. डबा वाजलाच नाही. फणसाखाली वांदराचं एक पिल्लू किंचाळलं आणि मागचा पाय ओढत आईच्या पोटाला जाऊन बिलगलं. त्यानंतर बाबा बागेत गेले नाहीत. दिवसभर पडवीत बसून राहायचे. आंबा वांदरांच्या घशात चालला होता, पण त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. बागेत न जाणारा बाप मला बघवत नव्हता.

मी चिपळूणहून शनिवार-रविवारची येते. "हिच्या पायाला भिंगरी, डोक्यात भिरभिरं," असं आई म्हणते, ते काही खोटं नाही. मी बंदूक माळ्यावरून काढली आणि तिच्यावर बसवायला दुर्बीण आणली. दुर्बिणीतून डबा आणि नेमाची फुली दोन्ही एकदमच स्वच्छ दिसतात, माशीची भानगड नाही. पण छरे सगळे डब्याच्या खाली! छरे वर न्यायची दुर्बिणीवरची चकती फिरवून फिरवून संपली, तरी खालीच. आमच्या बंदुकीची नळीच जरा वाकून नमस्कार करते, तिला दुर्बीण तरी काय करणार? दुकानदार म्हणाला, दुर्बीण धरणाऱ्या साध्या कड्या काढा, तिरकी बैठक लावा. मागून किंचित उंच, पुढून बुटकी, की दुर्बीण नळीच्या बाजूला झुकते. एकसंध घ्यावी की दोन तुकड्यांची, यावर मी आठवडाभर माझं आणि त्याचं डोकं खाल्लं. शेवटी एकसंध घेतली. बंदुकीच्या धक्क्याला तीच टिकेल म्हणून.

बाबा नुसते बघत होते. "बयो, कशाला एवढा आटापिटा?"

"तुम्ही बागेत यावं म्हणून," मी म्हटलं, जरा ओरडूनच.

त्यांनी दुर्बिणीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "झाडावरचं नीट दिसतं काय गो तिच्यातून? अगदी पानाआडचं?"

"डबा दिसतो, आणखी काय हवंय?"

शनिवारी बैठक बसवली, रविवारी सकाळी मी एकटीच खोपीत गेले. पहिला छरा टण्ण! मी नाचले. दुसरा डावीकडे. तिसरा कुठे गेला देव जाणे. बैठक उलटी तर नाही लागली? नाही, उंच बाजू मागेच होती. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. मग दुर्बीण हाताने हलवून बघितली तर शिंची बैठकच बंदुकीवरच्या खाचेतून मागे सरकलेली. स्क्रू सोडले, आणि आला खोबरेल तेलाचा घमघमाट.

घरी येऊन विचारलं, "बाबा, रात्री बंदुकीला तेल लावलंत?"

"मग? स्क्रू सोडून पार खाचेत लावलं, आणि स्क्रू परत पिळले. इथला खारा वारा कुणाला सोडतो? कोयत्याला लावतो, कडी-कोयंड्याला लावतो..."

"अहो, पण जिथे पकड हवी तिथेच तेल!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नशीब, केसात जास्वंद नाही माळली बंदुकीच्या." मला हसूही येईना. स्कूटरमधलं चमचाभर पेट्रोल काढून लुगड्याच्या चिंधीने खाच कोरडी केली. बैठक परत बसवली, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. परत खोपीत. पाच छरे मारले. पाचही वेळा डबा वाजला.

संध्याकाळी कळप आला. मी पडवीत धावले, "बाबा, चला! तुमच्या हाताने वाजवा." कधी नव्हे ते बाबा उठले. खोपीत बसल्यावर म्हणाले, "छरा भरू नको."

"मग काय ओवाळायचंय वांदरांना?"

"भरू नको म्हटलं ना."

रिकामी बंदूक घेऊन ते बघत राहिले. या झाडावरून त्या झाडावर, फांदी न् फांदी. तिकडे आंबे पडतायत, इकडे मी उभी चुळबुळतेय. "बाबा, डबा त्या बाजूला, त्या!" त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. दोन-तीनदा दुर्बीण मागे-पुढे नेली, आणि एका जागी थांबले. गाल बंदुकीच्या दस्त्यावर तसाच टेकलेला. खांदे हलायला लागले तेव्हा मी घाबरले.

"काय झालं?"

"आहे गो," बाबा म्हणाले. "लंगडतंय, पण खातंय. आईच्या हातातला आंबा ओढून घेतंय, शिंचं."

मी खाली बसले. मला एकदम रडूच आलं. म्हणजे मी डब्यासाठी आठवडाभर जीव टाकत होते आणि ह्यांना त्या पिल्लाला शोधायचं होतं.

बाबांनी डोळे पुसले. "त्याचा आंबा खाऊन होऊ दे," म्हणाले. "मग भर छरा."