न विरघळलेला साका

यवतमाळच्या उन्हाळ्यात अमोनियाच्या बाटलीचा भरवसा नाही. बूच सैल असलं की वायू उडून जातो, मागे नुसतं वासाचं पाणी उरतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी डेमॉन्स्ट्रेटर होतो, मला हे ठाऊक होतं. परीक्षेआधी विभागप्रमुखांना सांगितलंही. म्हणाले, "नवी बाटली पुढच्या सत्राला लागेल. आहे त्यात भागवा." भागवा! पोरांची परीक्षा म्हणजे काय पाहुण्यांचा चहा होता, पाणी वाढवून भागवायला?

इंटरच्या प्रात्यक्षिकात क्लोराइड ओळखायचं होतं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका येतो. त्यात अमोनिया टाकला की चांदीचा प्रत्येक आयन अमोनियाचे दोन रेणू धरून जटिल आयन बनतो आणि साका विरघळतो. पण हा सगळा समतोलाचा मामला. अमोनियाच पुरेसा नसेल, तर साका हलत नाही. त्या सकाळी कुणाचाच हलला नाही. तरी सगळ्यांनी 'विरघळला' लिहिलं, पुस्तकात तसं आहे म्हणून. दारव्ह्याकडच्या तांड्यावरच्या एकट्या पोराने लिहिलं, 'विरघळला नाही.' नापास झाला तर त्याची नादारी, म्हणजे फीमाफी, बंद होणार होती.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. "नवा शोध लावला का रे?"

"सर, नळी पाहा ना. तसाच हाये."

"जटिल आयनाचा स्थिरांक सांग."

त्याने आकडा बरोबर सांगितला. वर म्हणाला, "पण सर, आकडा एकटा काय करन? बाटलीत अमोनियाच कमी असन."

"मले शिकवून राह्यला!" परीक्षक माझ्याकडे वळले. "काय हो, अमोनिया ठीक आहे ना?"

विभागप्रमुख शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "हो सर."

इतकी वर्षं मी मनात त्या दोघांनाच शिव्या घालत आलो. समोर धरलेली नळी जो पाहत नाही, तो कसला रसायनाचा माणूस? राग अजून आहे. पण खोटं मी बोललो, हे पन्नाशीत आल्यावर पहिल्यांदा लिहितोय.

तो नापास झाला, नादारी गेली. हंगामभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून त्याने फी भरली आणि वर्षाने परत परीक्षेला बसला. मी टेबलांमधून फिरत होतो. त्याच्या नळीत नुसता साका होता, अमोनिया टाकायचा होता. उत्तरपत्रिकेवर मात्र लिहून झालं होतं, 'विरघळला.'

"अरे, टाकून तर पाहा," मी हळूच म्हणालो.

"कायले, सर?" त्याने मानही वर केली नाही. "पास व्हाचं हाये मले."