चतुराबाईची लाकडाची जोडी

चतुराबाई माही शेजारीन. अचलपूरच्या रस्त्यावर तिचं किराना दुकान हाय, पन तिचा खरा जीव तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलायत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे बैल वढत मिरवतेत ना, थेच. अचलपूरचा ललित सुतार घडवते. पन त्याले आखाडातच सांगा लागते किती जोड्या पायजे थे. मंग वाढव म्हना का कमी कर म्हना, आयकतच नाई मेला!

चतुराबाईच्या सासूची रीत व्हती. आखाडात हौदावर बसाचं, पान्यावर येनाऱ्या बैलजोड्या मोजाच्या, तेवढ्याच लाकडाच्या सांगाच्या. ज्याच्या गोठ्यात बैल, त्याच्या पोट्ट्याले लाकडी बैल पायजेच.

मागल्या साली पोळ्यालेच पान्याची झड लागली. पोट्टे घराबाहेर निंगालेच नाई. माल पडून राहिला, वाळवीनं खाल्ला. "यंदाबी तसंच झालं तं बैल ठेवनं बंद," चतुराबाईनं सांगून टाकलं. आन यंदा हौदावर जोड्याच कुठं व्हत्या? जिकडं तिकडं ट्रॅक्टर. मीच म्हटलं, "अवं, थोडेच सांग! ट्रॅक्टरवाल्याले काहाले पायजे बैल?" तिनं थोडेच सांगतले.

पोळ्याच्या सकाळीच सारे सरले! घेनारे पोट्टे नव्हतेच बाप्पा, ज्यायनं बैल इकले थे बुढे व्हते. गोठा रिकामा झाला म्हनून सन थोडीच सुटते? पूजेले जोडी तं लागतेच. चतुराबाईनं सोता मागल्या साली बैल इकून लाकडी जोडी पूजली व्हती, तरी दोघीच्याबी टकुऱ्यात उजेड पडला नाई!

दुपारी मी दुकानातच बसली व्हती, तं गावातले सूर्यभानजी आले. उन्हाळ्यात त्यायनंबी बैल इकले व्हते.

"चतुराबाई, एक जोडी दे वं."

"सरले जी."

"मंग पुरनपोळी कोनाले चारू?"

चतुराबाई आत गेली, देवापुढची आपली जोडी घेऊन आली. दोन्ही बैल एकमेकाले बांधलेला दोरा सोडाले लागली. "एक तुमी न्या जी. एक मले राहू द्या."

सूर्यभानजी एकदम मांगं सरकले. "नको वं माय, जोडी नको फोडू. माही फुटली बजारात. एक अकोल्याकडं गेला, दुसरा कुठं गेला मले मालूमबी नाई."

मंग थेच घरून ताट घेऊन आले. दोन्ही घरच्या पुरनपोळ्या त्याच जोडीपुढं ठेवल्या. सूर्यभानजी पाया पडाले वाकले, थे लवकर उठेचना. मले लय रडू आलं.

चतुराबाईनं दोरा पुन्हा घट्ट बांधला. म्हने, "येत्या आखाडात हौदावर नाई बसत मी. रिकामे गोठे मोजत फिरीन."