जावयाच्या गाडीचा नट

कोणी वाचलंच तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथे बसेल तिथे बसवलंय आणि अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं आहे. पण या हाताने यापेक्षा मोठं नुकसान केलेलं आहे. याच हाताने मी धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयाची मोटारसायकल बाद केली.

धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तांब्याच्या ताम्हणात तेहतीस अनारसे घालून वाण द्यायचं. माझ्या वैशालीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच धोंडा. ती आणि प्रशांतराव आदल्या संध्याकाळीच मंचरहून आले. गाडी वैशालीच्या सासऱ्यांची. तो माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या उपरण्याने गाडी पुसतो. (तिच्या सासूबाईंचं म्हणणं, माझी एवढी विचारपूस कधी केली नाही!) उद्या अंधार पडायच्या आत गाडी धडधाकट घरी पोचली पाहिजे, असं बजावूनच त्यांनी किल्ली दिली होती.

सकाळी बघते तर मी शेणाने सारवलेल्या अंगणात, रांगोळीच्या मोराच्या अगदी डोळ्यावर, काळ्या तेलाचा थेंब! वर गाडीच्या पोटाला एक नट. त्याच्यावर दुसरा थेंब तयार होऊन बसलेला.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? "जावईबापू, गाडी गळतीय," असं सांगितलं असतं. पण मी प्रशांतरावांशी बोलतच नव्हते. आमच्यात तसा काही नियम नाही, मलाच लाज वाटते. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा मी वैशालीला विचारायचे, ते शेजारी बसलेले असताना! त्यांच्याशी बोलण्यापेक्षा नट आवळणं मला सोपं वाटलं.

विहिरीवरच्या मोटारीचे पाने घरात होतेच. मोटारीचा नट आवळताना आमचे हे पान्याला हातभर लोखंडी पाइप लावतात, म्हणजे जोर मिळतो. मीही लावला. त्यात माझं आयुष्य टोमॅटोचे क्रेट उचलण्यात गेलेलं. एक आटा दिला, घट्ट झाला. तिथे थांबायचं की नाही? पण जावयाची गाडी, हात राखून कसा आवळायचा! म्हणून अजून एक दिला.

आतून 'कट्' झालं. आणि नट लोण्यात फिरावा तसा गरागरा फिरायला लागला.

काढून नीट बसवावा म्हणून मी तो ओढला, तर तो सरळ हातात आला. त्याच्या अंगाला चकचकीत तार गुंडाळलेली, किसणीवरून काढल्यासारखी. आणि पाठोपाठ तेलाची धार! मी हाताला लागेल ते भांडं खाली सरकवलं. ते नेमकं चिंचेने घासून ओट्यावर सुकायला ठेवलेलं वाणाचं ताम्हण निघालं. ते भरत आलं तेव्हा मी भोकात बोट घातलं.

धार थांबली. पण आता मलाही हलता येईना.

तेवढ्यात घरातून आमच्या ह्यांची हाक. "अगं ये! पावणं पाटावर बसल्यात. पाय धुवायला ये!"

बोट काढलं तर तेल जाणार, ओ दिली तर सगळे बाहेर येणार. शेवटी प्रशांतरावच दारात आले. सासू डोक्यावर पदर घेऊन मोटारसायकलखाली आडवी!

"मामी, काय सापडत न्हाई का?"

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "मांजर," मी म्हणाले.

लग्नानंतर मी जावयाशी बोललेला हा पहिला शब्द.

ते आत गेले आणि वैशाली बाहेर आली. तिला सगळं एका नजरेत कळलं. "आये! हे काय करून ठेवलंस? आता मामंजी मला जन्मभर ऐकवतील!"

"ओरडू नगं. वाती आण."

तिने देवापुढच्या कापसाच्या वाती आणल्या. मूठभर वाती भोकात कोंबल्या तेव्हा माझं बोट सुटलं. हात पदराला पुसले आणि तशीच धावले पाय धुवायला. पदराला पुसल्याने इंजिनचं तेल जात नाही, हे मला पाय चोळताना कळलं. प्रशांतरावांचे गोरेपान पाय बघता बघता तव्यासारखे झाले!

"मामा, पाण्यात काय टाकलंय?"

आमच्या ह्यांना काहीच माहीत नव्हतं, पण जावयासमोर गप्प बसतील तर शपथ. "उटणं हाय, पावणं. आयुर्वेदिक."

वैशालीने ताम्हणातलं तेल बादलीत ओतलं, ताम्हण राखेने घासलं, वर अनारसे रचले, दिवा लावला. वाण दिलं. प्रशांतरावांनी एक अनारसा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि थांबले.

"वैशाली, तुझ्या आईला इचार. अनारशाला सर्व्हिसिंगचा वास का येतोय?"

मग वैशाली रडायला लागली, मी पदरात तोंड लपवलं (त्यानेही काळं झालं!) आणि सगळं बाहेर आलं.

जेवणं तशीच उरकून आम्ही गाडी आमच्या ह्यांच्या टोमॅटोच्या पिकअपमध्ये चढवली. मी मागे क्रेटमध्ये बसून ती धरली, कारण ती पडली असती तर मी पिकअपमधून उडीच मारली असती. नारायणगावच्या मिस्त्रीने वाती उपसल्या.

"गाडीला आरती केली व्हती काय?" मग नट बघून, "कुणी आवळला? घरात पैलवान हाय का?"

आमचे हे पुढे झाले. त्यांचं वजन दोन क्रेटएवढं. छाती काढून म्हणाले, "आमीच आवळला."

मिस्त्रीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "राव, कायबी सांगता! खरा माणूस दावा."

सगळ्यांची मान हळूहळू पिकअपकडे वळली.

मिस्त्रीने सांगितलं ते असं. गळत होतं ते नटाखालच्या वायसरमुळे. दहा रुपयाचं वायसर बदललं असतं की संपलं. मी आवळून आवळून इंजिनाखालच्या ॲल्युमिनियमच्या चेंबरमधले आटेच उपसून काढले; नटाला गुंडाळलेली तार ती तीच. नवा चेंबर नको म्हणाला. त्याने भोक थोडं मोठं केलं, त्यात नवे आटे पाडले आणि आत स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळी फिरवत बसवली. मग तोच जुना नट त्यात असा बसला, जसं काही झालंच नव्हतं. नवं वायसर, नवं तेल. दिवस मावळायच्या आत दोघं मंचरला निघाले. वैशालीच्या सासऱ्यांनी गाडी पुसताना एवढंच विचारलं म्हणे, "हिला तुपाचा वास कसा येतोय?" वाती तुपात भिजवलेल्या होत्या!

पैसे मात्र प्रशांतरावांनी भरले. आमच्या ह्यांचा खिसा धोंड्याच्या कपड्यांत रिकामा झाला होता. सासूची चूक जावयाच्या पैशाने दुरुस्त! माझा जीव थाऱ्यावर राहीना. चटणीच्या डब्यात घालून पैसे पाठवले, तर त्याच डब्यातून माघारी आले. निरोप काय? "मामींना सांग, मी काय गॅरेज काढलंय?"

यंदा पुन्हा धोंडा आला. पाटावर बसताच प्रशांतराव म्हणाले, "मामी, आधी हात दावा."

मी शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. मग त्यांनी पाय पुढे केले. धुतले, पाणी अंगणात फेकलं, वाण दिलं. अनारशांखाली मी सगळे पैसे ठेवले होते.

त्यांनी नोटा बघितल्या. "मामी, हे—"

"वाण हाय, पावणं," आमचे हे म्हणाले. "वाण माघारी देत नसत्यात."

आता काय करतात! नमस्कार करून नोटा खिशात घातल्या. माझ्या डोक्यावरचा क्रेट उतरला. मोकळी होऊन अंगणात आले, तर गाडीखाली थेंब. शेजारी अजून दोन!

हात शिवशिवले. पण या वेळी मी ते पाठीमागे घट्ट धरले, सगळं बळ गोळा केलं आणि शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडले, "जावईबापू! गाडी गळतीयऽऽ!"

ते तोंडातल्या अनारशासकट पळत आले आणि पांढऱ्याशुभ्र पँटसह ओल्या शेणात आडवे झाले. थेंबाला बोट लावलं, वास घेतला.

"मामी, पाणी हाय हे. माझेच पाय धुतलेलं. तुमीच फेकलं मगाशी."

गाडीचे पैसे त्या दिवशी पुरते फिटले. पँटचे सुरू झाले.