टाचणीवहिनींच्या गाडीचा तिसरा मालक

आमच्या शेजारच्या वहिनी गाड्यांच्या सीटा शिवतात. तोंडात सदा टाचण्या, म्हणून गल्लीत त्या टाचणीवहिनी. नाव मीच ठेवलं, कबूल करतो. त्यांची अमेरिकन गाडी त्यांच्या दारात मावत नाही: पुढचे दिवे त्यांच्या पायरीशी, मागचे पत्र्याचे पंख माझ्या खिडकीखाली. गाडीने साठी ओलांडली तरी बंपर असा लख्ख, की त्यात बघून मी दाढी करतो.

गाडी वहिनींच्या यजमानांची, म्हणजे आमच्या दादांची. दादा गेले आणि वर्षभरात नोंदणी कचेरीचं पत्र आलं: मालकी सिद्ध करा, नाहीतर महिन्याभरात गाडी मोडीत. गाडीच्या नोंदणी पुस्तकात पहिला मालक दंतवैद्य, दुसरा बँडमास्तर. बँडमास्तरने गाडी कुणाला तरी विकली आणि त्या कुणाकडून ती दादांकडे आली; तो कोण, ते दादाच जाणे. पुस्तकात नाव ना त्याचं, ना दादांचं. कारकून म्हणाला, "मधला माणूस आणा."

मी म्हटलं, "वहिनी, सही मी ठोकतो. माझ्या हाताला छान वळण आहे."

"भावजी, ते वळण जिभेला लावा," टाचण्यांच्या फटीतून उत्तर आलं.

मग त्यांनी पुढची सीट ओढून बाहेर काढली. या धंद्यातले लोक आळशी. जुनं कव्हर न काढता वरून नवं चढवतात. सगळ्यांत वर वहिनींचं मरून रेक्झिन. त्याखाली हिरवं पट्ट्यांचं कापड, मग बँडमास्तरची लाल मखमल, तळाला दंतवैद्याचं पांढरं चामडं. म्हणजे हिरवं तिसऱ्याचं! वहिनींनी त्याची कड उलटली. शेवटची गाठ उलटी मारलेली, दोऱ्याचं टोक चटका देऊन बुजवलेलं.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. मी घाबरलोच.

"उस्तादांचा हात," त्या म्हणाल्या. "आणि मी गाढव, न बघताच वरून शिवून मोकळी झाले होते."

उस्तादांकडेच वहिनी काम शिकल्या. स्वतःचं दुकान काढलं तेव्हापासून बारा वर्षं दोघांत बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी वहिनी सीट हातगाडीवर घालून निघाल्या. ढकलायला मी, फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"वाट चुकलीस?" उस्ताद म्हणाले.

"मुद्दाम आलेय. हे हिरवं कुणासाठी शिवलंत?"

उस्तादांनी हिरव्याकडे पाहिलंच नाही. "वरचं मरून कुणाचं?"

"माझं."

"कोपऱ्यात चुण्या आहेत."

वहिनींचे कान लाल झाले. आता स्फोट होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो.

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "घाई केली. गिऱ्हाईक सांगा."

आता कुठे उस्तादांनी हिरव्याची कड उलटून पाहिली. मग म्हणाले, "पुलापलीकडचा बेकरीवाला. पोट स्टेअरिंगला लागायचं, म्हणून पाठीतला अर्धा फोम काढायला लावला होता त्याने."

बेकरीवाला भला माणूस, लगेच तयार झाला. पण कचेरी तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्यावरच तो पायरीवर बसला.

"ताई, कागद इथेच आणा."

"कारकून खाली येत नाही. उठा."

"दम लागलाय हो!"

"मला महिनाभर लागलाय. भावजी, लावा खांदा."

मी खालून ढकलत, वहिनी वरून ओढत, असा तिसरा मालक वर पोचला. त्याने सही केली. कारकुनाने पुस्तकात तिसरं नाव त्याचं लिहिलं, चौथं दादांचं आणि पाचवं वहिनींचं.

"झालं. निघा आता," तो पुस्तक मिटायला लागला.

वहिनींनी पानावर हात ठेवला. "शाई ओली आहे. वाळू दे."

मागे रांग कुरकुरत होती. वहिनी हलल्या नाहीत.