हळदीच्या बोटांची पेटी

शालनबाईंनी घरात सोन्याची पेटी दडवलीय, अशी आवई १९५६ साली आमच्या कासारवाडीत उठली होती. आवई झकास होती, पण खोटी. बैलगाडीतून ती पत्र्याची पेटी उतरवताना एक टोक मीच धरलं होतं, आणि आत पुस्तकं आहेत हे माझ्या कंबरेला त्याच दिवशी कळलं.

सरकारी ग्रंथालयाची फिरती पेटी ती. काही महिने एका गावात, मग पुढच्या. तिची जागा चावडीवर. पण चावडीवर बाप्ये पान चघळत बसणार, तिथं बायका पाऊल टाकतील कशा? शालनबाईंनी पाटलांशी भांडून पेटी आपल्या पडवीत आणली. शिक्षण चौथीपर्यंत, पण आवाज असा खणखणीत की आमची म्हैस रवंथ विसरायची. दुपारी आळीतल्या बायका सुपात धान्य घेऊन यायच्या. बाई वाचायच्या, बाकीच्या निवडता निवडता ऐकायच्या. बाई शेतावर गेल्या तर त्यांच्यातल्याच कुसुमताई पुढं वाचायच्या. कुठवर आलो ते दुसरीला कळावं म्हणून वाचणारी त्या ओळीच्या कडेला हळदीचं बोट टेकवायची.

मग तपासणीला ग्रंथालयाचे साहेब आले. पिवळी पानं बघून नाक मुरडलं. जेवून पुस्तकांना हात पुसता काय, असं बायकांना विचारलं. नदीपलीकडच्या गावची पेटी कशी कोरी करकरीत परत आली, त्याचं कौतुक ऐकवलं. वर हुकूम सोडला, पेटी आत्ताच गाडीत घाला, या गावाला पुन्हा मिळायची नाही.

आता सांगा, डोकं फिरणार नाही तर काय? ज्यांनी कुलूपसुद्धा काढलं नाही त्यांना शाबासकी, आणि जिथं पानन् पान वाचलं गेलं तिथली पेटी बंद! एरवी तोंडाळ असलेले आमचे मारुतराव पाटील साहेबांपुढं नंदीबैलासारखी मान हलवत होते. पेटी उचलायलाही तेच सरसावले.

शालनबाई हातातल्या कादंबरीसकट पेटीच्या झाकणावर जाऊन बसल्या. साहेबांनी उठा म्हणून दरडावलं.

“कोरी पेटी पायजे तर पलीकडच्या गावची न्या, तिच्यासाठी कुणी रडायचं न्हाई,” बाई म्हणाल्या. “हितं गोष्टीतल्या सुनेला सासूनं घराभाईर काढलीया. ती घरात येईस्तवर मी उठत न्हाई. तुमालाबी आयकायचं असंल तर बसा. पर सूप घ्या म्होरं, हितं रिकामं कुणी बसत न्हाई.”