पोवळी बघून जातो

टाकीत पाणी, वाळू आणि दगड. दुसरं काही नाही. आमच्या कामवालीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अक्का, मीन एल्लि?" मासे कुठायत? मी म्हटलं, मासे नाहीत, पोवळी येणार आहेत, आणि तीही इतक्यात नाहीत. "सरी," म्हणाली आणि फरशी पुसायला लागली. तिला काही पटलेलं दिसलं नाही.

माझ्या वडिलांनाही पटलं नव्हतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बंगळुरात ही पंचाईतच आहे, कारण इथं रिक्षावाला अण्णा आणि भाजीवालाही अण्णा. मी बाल्कनीतून कुणालाही हाक मारली की आतून हे "ओ" देतात.

"पोवळं अंगठीत घालतात," अण्णा म्हणाले. "तुझ्या मंगळाला काय झालंय?"

"अहो, ही जिवंत असतात."

"मग खातात काय?"

"उजेड. बरीचशी उजेडावरच जगतात."

"वा! स्वस्तात पडली."

आई गेल्यावर मी त्यांना सांगलीहून इथं आणलं. तिथं ते एकटे, दोन्ही वेळा दूध-पोह्यांवर भागवत होते. एकदा न्हाणीघरात पडले, तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं. इथं आल्यापासून दर रविवारी एकच धोशा: यशवंतपूरहून गाडी आहे, माझं तिकीट काढ. दर रविवारी मी भांडायची. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या समजुती घालायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरी यांची. जीव विटला होता. खरं सांगते, कधीकधी वाटायचं, जाऊ देत एकदाचे. मग न्हाणीघरातली ओली फरशी डोळ्यांपुढे यायची आणि मी पुन्हा भांडायला बळ आणायची.

टाकीचं खूळ जयनगरमध्ये दातांच्या डॉक्टरकडे डोक्यात शिरलं. तिथं बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती, आत पोवळी हलत होती. माझा नंबर आला तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी मोबाइल बाहेरच काढला नव्हता. असं किती महिन्यांनी झालं होतं कोण जाणे. मलाही असलं काहीतरी घरात हवं होतं, दुसरं कारण नाही.

पण नवी टाकी म्हणजे नुसती वाट बघणं. आरओच्या पाण्यात मीठ कालवायचं, दगड रचायचे आणि त्यांत घाण पचवणारे जंतू रुजेपर्यंत गप्प बसायचं. तोवर पाण्यात विष तयार होत राहतं. टाकीच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "स्वल्प सबुरी ठेवा, मॅडम." नळीत पाणी घ्यायचं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे; हिरवं झालं की अजून तयार नाही. अण्णा जन्मभर शाळामास्तर. त्यांना हे फार आवडलं. नळी उजेडात धरून बघायचे आणि निकाल लावायचे, "आजही नापास!"

एका रविवारी मात्र धोशा बदलला. "पास झाली की तुझी पोवळी बघतो आणि जातो. तिकीट काढून ठेव."

"काढते," मी म्हटलं. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं तेव्हा "काढलंय" म्हणून मोकळी झाले.

टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून रोज थोडं साधं पाणी घालावं लागतं. ते काम मी अण्णांकडे दिलं. आंघोळ झाली की पाणी घालायचे, काचेवर बोट ठेवून पातळी बघायचे, कामवालीला लांबून फिरायला लावायचे. इथं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठायला काही कारण होतं.

अखेर टाकी पास झाली. मी गोगलगायी आणल्या आणि शर्टाच्या बटणांएवढ्या हिरव्या पोवळ्यांचा एक तुकडा. बटणं मिटली ती उघडलीच नाहीत. गोगलगायी एकेक करून उलट्या पडल्या. मी मीठ तपासलं, तापमान तपासलं, सगळं ठीक होतं. अण्णा दर तासाला येऊन विचारायचे, "उघडली का गं?"

मग एका सकाळी मी घरूनच काम करत होते आणि ते पाणी घालताना दिसले. हातात आईचा तांब्याचा तांब्या. सांगलीहून निघताना कपड्यांखेरीज तेवढाच आणला होता त्यांनी. रात्री भरून ठेवलेलं पाणी. अर्धं स्वतः प्यायले, अर्धं टाकीत ओतलं.

तांबं म्हणजे या जिवांना जहर. जिथं वाचावं तिथं लिहिलेलं होतं, पण मला वाटलं होतं ते माशांच्या औषधांतल्या तांब्यापुरतं. मी ओरडलेच. "अण्णा, अहो काय करताय हे!"

ते दचकले. "अगं, चांगलं असतं हे पाणी. तुझी आई जन्मभर हेच प्यायली. म्हटलं, लहान जीव आहेत..."

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. "म्हणजे मीच मारली."

नाही म्हणायला हवं होतं. पण मी इतकी थकले होते की "हो" म्हणाले आणि मलाच रडू फुटलं. त्या बटणांचं वाईट वाटत होतंच, पण आता हे उद्याच निघतील, या भीतीनं मी रडत होते.

त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "आता?"

"सगळं टाकून द्यायचं. वाळू, दगडसुद्धा, तांबं मुरतं त्यांत. परत पहिलीपासून."

"परत पहिलीपासून," ते म्हणाले. उठून त्यांनी तांब्या देवापाशी नेऊन ठेवला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "मग ते तिकीट रद्द कर."

"करते."

"काय करतेस! काढलंच नव्हतंस तू. काढलं असतंस तर खालचा बर्थ मिळाला की नाही, ते चारदा सांगितलं असतंस मला."

मी डोळे पुसले.

"उभी काय राहिलीस? बादली आण."